खोटं नाणं कुणाचं?

१८६४ ते १८६८ ची गोष्ट. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको मुलखात पेकोस नदीच्या काठी एक उजाड माळ होता. नाव बॉस्क रेडोंडो. भोवती लष्कराचा पहारा, आत आठ हजारांहून जास्त नवाहो माणसं. बाया, म्हातारे, तान्ही पोरं. नदीचं पाणी खारट, पेरलेला मका अळ्यांनी फस्त केलेला. पोटाला मिळायचं ते सरकारी शिध्यावर, आणि शिधा मिळायचा तिकिटावर. तिकीट नाही तर पीठ नाही. आधी पुठ्ठ्याची तिकिटं होती. त्यांची नक्कल झाली. मग लष्कराने धातूचे बिल्ले काढले, त्यावर ठसा मारला. साहेबांना वाटलं, आता काय करतील हे रानटी? त्या रानट्यांतल्या लोहारांनी तसाच ठसा कोरला, तसेच बिल्ले पाडले, आणि खायच्या तोंडांपेक्षा बिल्ले जास्त झाले. लष्कराच्या दफ्तरी ही बनावटगिरी. आम्ही तिला भाकरी म्हणतो.

या वेळचं संपादकीय आम्ही दागिन्यांवर लिहितोय. काहीजण नाक मुरडतील. चळवळीच्या पानावर चांदीचे हार, फिरोज्याच्या अंगठ्या कशाला? त्या पाहिजेत तर श्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या गुळगुळीत मासिकांत पाहा. बरोबर आहे. तिथे त्या दिसतात, फार सुंदर दिसतात. ज्यानं त्या ठोकल्या तो माणूस तेवढा दिसत नाही. म्हणून या पानावर.

आधी माणूस बघू. जग त्यांना नवाहो म्हणतं, ते स्वतःला दीने म्हणतात. दीने म्हणजे माणसं. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला त्यांचा मुलूख, राजधानी विंडो रॉक. आज नोंदलेले दीने चार लाखांच्या आसपास आहेत. १८६३ साली जनरल कार्लटनच्या हुकमाने किट कार्सन हा लष्करी अधिकारी त्यांच्यावर चालून गेला. लढाया थोड्याच झाल्या. त्यानं पिकं जाळली, मेंढरं मारली, विहिरी बुजवल्या. १८६४ साली कॅन्यन डी शे या दरीतल्या पीचच्या बागा, पिढ्यांनी जपलेल्या, हजारो झाडांसकट तोडल्या. मग उपाशी माणसांना बंदुकीच्या धाकाने शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडोला नेलं. ‘लाँग वॉक’ म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. वाटेत आणि छावणीत मिळून दोन हजारांच्या घरात माणसं मेली. १ जून १८६८ ला तह झाला, आणि जगलेवाचलेले आपल्या जमिनीच्या एका तुकड्यावर परतले.

त्यांची चांदी फुलली ती परत आल्यावर. हातात मेंढरं नाहीत, घरं जळलेली, अशा वेळी.

भंगारातून हत्यार

अत्सिदी सानी या नावाचा अर्थ म्हातारा लोहार. नवाहोंतला पहिला चांदीकार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तो लोखंडाचं काम एका मेक्सिकन लोहाराकडून शिकला. कारण साधं. घोड्याचे लगाम नवाहोंना मेक्सिकनांकडून विकत घ्यावे लागत. आपणच बनवले तर पैसा घरात राहील. कलेचा साक्षात्कार वगैरे काही नाही, रोकडा हिशोब. चांदीला त्यानं नेमका कधी हात घातला, छावणीआधी की नंतर, यावर जाणकारांत वाद आहे. पण तो कसब धरून बसला नाही, पोरांना शिकवलं, इतरांना शिकवलं, आणि १८६८ नंतर हातोड्याचा आवाज दीने मुलखात पसरला. अत्सिदी चोन या दुसऱ्या कारागिराने शेजारच्या झुनी लोकांपर्यंत हे कसब पोचवलं.

१८८० च्या सुमारास फोर्ट विंगेटला वॉशिंग्टन मॅथ्यूज नावाचा लष्करी डॉक्टर होता. त्यानं दोन नवाहो चांदीकारांना आठवडाभर आपल्यासमोर कामाला बसवलं आणि जे पाहिलं ते लिहून ठेवलं. त्यातली हत्यारांची यादी वाचण्यासारखी आहे. भाता बकऱ्याच्या कातड्याचा, आत लाकडी कड्या घालून फुगवलेला. भट्टी माती-दगडाची, तीही चटकन उभी केलेली. कोळसा त्यांनीच पाडलेला. मूस त्यांच्याच मातीची, मोठ्या अंड्याएवढी. आणि ऐरण? गाडीचा मोठा बोल्ट लाकडाच्या ओंडक्यात ठोकला की झाली ऐरण. तीही नसली तर कठीण दगड. डाक द्यायला फुंकणी हवी, तर पितळेची जाड तार ठोकून चपटी केली आणि वळवून नळी केली. ज्योत चिंध्यांची, चरबीत बुडवलेली. टाकणखार तेवढा विकत आणायचा. ज्यांनी यांचं सगळं लुटलं, त्यांच्या मोडक्या गाड्यांच्या भंगारातून यांनी कारखाना उभा केला.

आणि चांदी? खाण नाही, ठेकेदार नाही. चांदी म्हणजे नाणी. अमेरिकन डॉलर, मेक्सिकन पेसो. नाणी मुशीत घातली, वितळवली, लगड पाडली, ठोकून पत्रा केला. चांदी ठोकता ठोकता कडक होते, मग तडकते. म्हणून ती पुन्हा निखाऱ्यात लाल करायची, विझवायची, पुन्हा ठोकायची. असं किती वेळा? हाताला कळतं तितक्या वेळा. पुढे १८९० च्या सुमारास अमेरिकन नाणी मोडण्यावर सरकारची वक्रदृष्टी वळली, तेव्हा कारागीर पेसोकडे वळले. १९३० च्या सुमारास पेसो यायचे बंद झाले, तेव्हा व्यापाऱ्याकडून चांदीच्या तयार वड्या आणि पत्रे आले. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. नाणं मोडत होता तोवर माल कारागिराचा होता. वडी आली तशी ती व्यापाऱ्याची झाली.

ओतकामाची रीत अशी. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला मऊ दगड घ्यायचा, घासून दोन सपाट तुकडे करायचे. एकावर नक्षी उलटी कोरायची, रस ओतायला एक वाट आणि हवा बाहेर पडायला बारीक चऱ्या ठेवायच्या. कोरलेला भाग धुरावर धरून काजळी चढवायची, म्हणजे चांदी दगडाला चिकटत नाही. दोन्ही तुकडे घट्ट बांधायचे, तापवायचे, रस ओतायचा. बाहेर येते ती सपाट जाळीदार नक्षी. मग कानशीने घासून, ठोकून, वाकवून तिचं कडं करायचं. दगड काही ओतांतच फुटतो. मग नवा दगड आणि पुन्हा कोरणं.

ठशाची रीत त्याहून महत्त्वाची. जुन्या कानशी, छिन्न्या, बोल्ट, रेल्वेचे खिळे, जे पोलाद हाती लागेल त्याच्या टोकाला कारागीर आपली नक्षी कोरतो. अर्धचंद्र, त्रिकोण, किरण, नुसती एक रेघ. मग पत्र्यावर ठसा ठेवून हातोडीचा घाव. एक ठसा, एक घाव. चुकला तर पत्रा पुन्हा मुशीत. ही युक्ती मेक्सिकन चामडे-कारागिरांच्या ठशांवरून उचललेली. चामड्यावर चालतं ते चांदीवर का चालू नये? एकेका कारागिराकडे असे डझनावारी ठसे असत आणि जाणकार ठशावरून माणूस ओळखत. मणी करायचे तर चकती खोलगट साच्यात ठोकून वाटी करायची, दोन वाट्या तोंडाला तोंड लावून डाकायच्या. शेवटी तुरटीसारख्या एका खनिज क्षाराच्या पाण्यात उकळून काळी पडलेली चांदी पांढरी करायची.

रक्तात काही नसतं

आता कलाप्रेमी मंडळींचं आवडतं पालुपद ऐका. म्हणे ही कला त्यांच्या रक्तात आहे. युगानुयुगांची शुद्ध परंपरा. साफ खोटं. नक्षी बघा. हाराच्या खाली लोंबणारी चंद्रकोर, तिला ते नाजा म्हणतात, ती मूरांकडून स्पॅनिशांकडे आणि स्पॅनिशांच्या घोड्यांच्या लगामांवरून नवाहोंकडे आली. हाराच्या दोन्ही बाजूंच्या फुलांना दुकानदार भोपळ्याचं फूल म्हणतात, पण दीने भाषेतल्या नावात भोपळा नाहीच. तिथे तो नुसता उमलता मणी आहे, आणि त्याचं मूळ स्पॅनिश-मेक्सिकन पोशाखावरच्या डाळिंबाच्या घाटाच्या चांदीच्या बटणांत सांगितलं जातं. पट्ट्यावरच्या मोठ्या चकत्या कोंचा म्हणून ओळखल्या जातात, शब्दच स्पॅनिश, अर्थ शिंपला. मनगटावरची केतो ही चांदीची पट्टी तेवढी त्यांच्या धनुष्याच्या दोरीपासून हात वाचवणाऱ्या चामड्यावर चढली.

म्हणजे मूर, स्पॅनिश, मेक्सिकन, सगळ्यांचं घेतलं. यात कमीपणा काय? जिंकणाऱ्याच्या घोड्याच्या कपाळावरची चंद्रकोर यांनी काढली आणि आपल्या आईच्या गळ्यात घातली. फिरोजा त्यांचा आधीपासूनचा. दीने मुलखाच्या चार पवित्र पर्वतांपैकी दक्षिणेचा माउंट टेलर फिरोज्याचा. तो निळा दगड चांदीच्या कोंदणात बसला १८७० च्या दशकाच्या शेवटी. अवघ्या दहा-वीस वर्षांत जे उभं राहिलं ते शिकून, चुकून, हात भाजून उभं राहिलं.

‘रक्तातली कला’ ही थाप निरुपद्रवी नसते. तिचा भाव असतो. १९६५ साली फेअरचाइल्ड ही इलेक्ट्रॉनिक्स कंपनी दीने मुलखात शिपरॉकला आली. हजाराच्या घरात नवाहो कामगार घेतले, बहुतेक बाया. कंपनीच्या १९६९ च्या पत्रकात नवाहो गालिच्याचं चित्र होतं, इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या नक्षीशी जुळवलेलं. विणकाम त्यांच्या बोटांत आहे, म्हणून सूक्ष्म जोडकाम त्यांना सहज जमतं, असा सूर. सहज जमतं म्हटलं की शिकल्याची किंमत द्यावी लागत नाही. कौशल्य जन्माचं ठरवलं की मजुरी जन्माची स्वस्त. १९७५ साली कामगारांना कमी केलं तेव्हा अमेरिकन इंडियन मूव्हमेंटच्या पोरांनी कारखाना ताब्यात घेतला, आणि कंपनीने गाशा गुंडाळला. बोटांतली परंपरा तिथेच राहिली, पगार गेला.

दुकानाच्या भिंतीवरचा खिळा

छावणीनंतर दीने मुलखात व्यापारी आले. ट्रेडिंग पोस्ट म्हणजे वाणसामान, उधारी, टपाल, लोकर खरेदी, सगळं एकाच छपराखाली. बँक नाही, दुसरं दुकान कोसांवर. काही व्यापारी तर स्वतःचेच टोकन पाडत, त्याच दुकानात चालणारे. बॉस्क रेडोंडोचा बिल्ला आठवला? तोच.

चांदी हीच दीने माणसाची तिजोरी. नाण्यांना मागून कडी डाकून त्यांची बटणं करत. नड आली की बटण तोडायचं आणि साखर घ्यायची. मोठी नड आली की हार, पट्टा गहाण. लोकर विकली, कोकरं विकली की सोडवायचा. व्यापाऱ्याच्या खोलीत खिळ्यांना हार लटकलेले, चिठ्ठ्या बांधलेल्या. विधी-समारंभ आला तर काही व्यापारी गहाणातला दागिना तेवढ्यापुरता वापरायला देत, कारण अंगावर चांदी-फिरोजा नसेल तर माणूस विधीला उघडा. चांगला व्यापारी होता, वाईट होता, दोन्ही होते. पण चिठ्ठी लिहिणारा हात एकच होता. मुदत टळली की माल व्यापाऱ्याचा. आज बाजारात ‘ओल्ड पॉन’ म्हणजे जुन्या गहाणातला माल या नावाने त्या दागिन्यांना जास्तीचा भाव येतो. एखाद्या घराची सगळ्यात वाईट रात्र काचेच्या कपाटात ठेवून तिच्यावर किमतीची चिठ्ठी लावतात.

१९७२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या ट्रेडिंग पोस्टांबद्दल सुनावण्या घेतल्या आणि १९७३ साली अहवाल काढला. व्याज, गहाणाचे गैरव्यवहार, सगळं चव्हाट्यावर आलं. कडक नियम झाले. मग व्यापाऱ्यांनी काय केलं? दीने मुलखातलं गहाणाचं काम बंद केलं, आणि ते मुलखाच्या वेशीबाहेर गॅलपसारख्या शहरांत गेलं. नियम आत, सावकार बाहेर. नडलेला माणूस मैलोगणती जाऊन तिथे गहाण टाकू लागला.

रेल्वे आली, बाण आले

१८८१ साली रेल्वे गॅलपला पोचली. पाठोपाठ प्रवासी. १८९९ पासून फ्रेड हार्वे कंपनीने आपल्या हॉटेल-दुकानांसाठी दागिने बनवून घ्यायला सुरुवात केली. दीने माणूस स्वतःसाठी घडवी तो माल जड. प्रवाशाला हलका पाहिजे, स्वस्त पाहिजे, ‘इंडियन’ दिसला पाहिजे. मग व्यापाऱ्यामार्फत पातळ चांदी, आधीच कापलेले खडे, आणि सांगून दिलेली नक्षी. बाण, गरुड, तंबू. कारागिराने आयुष्यात न मारलेला बाण गिऱ्हाइकासाठी चांदीवर मारला. मजुरी वजनावर, नगावर. माल व्यापाऱ्याचा, नक्षी गिऱ्हाइकाची, कारागिराचा फक्त दंड.

त्या नक्षीत एक स्वस्तिकही होतं. त्यांचं ते जुनं चिन्ह, फिरणाऱ्या ओंडक्यांचं, विधीतल्या वाळूच्या चित्रांतलं. व्यापाऱ्यांनी ते शुभचिन्ह म्हणून खपवलं. पुढे हिटलरने त्याचं काय केलं हे ठाऊक आहे. फेब्रुवारी १९४० मध्ये नवाहो, होपी, अपाची आणि पापागो यांच्या प्रतिनिधींनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की आमच्या चादरींवर, टोपल्यांवर, कलावस्तूंवर हे चिन्ह यापुढे नाही. आपलं पवित्र चिन्ह जुलमाच्या खाती गेलं हे कळताच त्यांनी ते खाली ठेवलं. परंपरेच्या नावाने ऊर बडवणाऱ्यांनी हा प्रसंग दोनदा वाचावा.

१९३० च्या दशकात सरकारने दीने लोकांच्या मेंढ्या-बकऱ्या सक्तीने कमी केल्या, चराई जास्त होते म्हणून. माणसाचा कणाच मोडला. रिकामे हात मजुरीला निघाले. त्याच काळात अल्बुकर्कीत मायझेल ट्रेडिंग पोस्टमध्ये इंडियन कारागीर यंत्रांवर दागिने काढत होते, आणि माल ‘इंडियन मेड’ म्हणून विकला जात होता. फेडरल ट्रेड कमिशन कोर्टात गेलं. १९३५ साली अपील कोर्टाचा निकाल आला तो असा, की इंडियन मेड म्हणा, पण पत्रे यंत्राने कापले-वाकवले हेही सांगा. सगळ्यांनी चर्चा केली मालाच्या अस्सलपणाची. बाकावर बसलेल्या माणसाच्या रोजाची चर्चा किती झाली?

कायदा आणि त्याची भोकं

१९३५ सालीच कलावस्तूंसाठी सरकारी मंडळ आलं. अस्सल हातकामावर ‘यू. एस. नवाहो’ असा सरकारी ठसा मारायची योजना निघाली. अटी इतक्या कडक की थोडेच नग बसले. ज्याला संध्याकाळी पीठ न्यायचंय तो सरकारी तपासनीसाची वाट बघत बसत नाही. त्याहून खरं काम झालं ते १९४१ साली, नवाहोंचा स्वतःचा कारागीर संघ उभा राहिला तेव्हा. अँब्रोज रोनहॉर्ससारखा चांदीकार-शिक्षक त्यामागे होता. आज ते काम नवाहो आर्ट्स अँड क्राफ्ट्स एंटरप्राइझ या नावाने दीने लोकांच्या मालकीत चालतं. केनेथ बेगेसारख्या चांदीकाराने जुन्या ठशांना नवं रूप दिलं आणि नवाहो कम्युनिटी कॉलेजात पोरांना शिकवलं. पूर्वी दागिन्यावर कारागिराचं नाव नसे. पुढे नावाची खूण मारायची रीत रुजली. नाव मारणं ही छोटी गोष्ट नाही.

१९९० साली इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायदा कडक झाला. इंडियनांनी न केलेला माल इंडियनांचा म्हणून विकला तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद. कागदावर झकास. २०१५ साली सरकारने छापे घातले. फिलिपिन्समध्ये बनवलेले दागिने अस्सल नेटिव्ह अमेरिकन म्हणून विकले जात होते. २०१८ साली अल्बुकर्कीच्या एका व्यापाऱ्याला शिक्षा झाली. किती? सहा महिने. २०१२ साली नवाहो राष्ट्राने अर्बन आउटफिटर्स या कपड्यांच्या कंपनीवर दावा लावला, कारण ती चड्ड्यांवर आणि दारूच्या बाटल्यांवर ‘नवाहो’ हे नाव लावून धंदा करत होती. २०१६ साली तडजोड झाली. आणि फिलिपिन्समधला कारागीर? तोही कुणाचा तरी स्वस्त हात. त्याला शिव्या घालून काही होणार नाही. त्याच्या हातावर दुसऱ्याचं नाव चिकटवणारा कोण, ते बघा.

गॅलप, १ मार्च १९७३

गॅलपची दुकानं चांदीने भरलेली आणि गुत्ते दारूने. एका दारातून हार आत, दुसऱ्या दारातून बाटली बाहेर. १९२२ पासून तिथे आदिवासी नाचांचा, कलावस्तूंचा मोठा मेळा भरतो. १९६९ पासून ‘इंडियन्स अगेन्स्ट एक्स्प्लॉयटेशन’ या तरुणांनी विचारायला सुरुवात केली, की नाच आमचा, चांदी आमची, गल्ला कुणाचा? १ मार्च १९७३ ला लॅरी कासूस हा एकोणीस वर्षांचा नवाहो विद्यार्थी एका साथीदाराला घेऊन महापौराच्या कचेरीत घुसला आणि त्याला धरून रस्त्यावर आला. हा महापौर दीने मुलखाच्या वेशीवरच्या दारूच्या गुत्त्यात भागीदार होता. महापौर सुटला, लॅरी मेला. पोलीस म्हणाले, त्यानं स्वतःला गोळी घातली. त्याच्या माणसांनी ते मान्य केलं नाही. बंदुकीने प्रश्न सुटला का? नाही. पण त्या पोराने जो प्रश्न रस्त्यावर आणला तो खोटा नव्हता.

आजही दीने बाया-पुरुष पहाटे दिवा लावून चांदीवर ठसे मारतात. दगड घासताना उडणारी धूळ छातीत जाते. अ‍ॅरिझोनातल्या स्लीपिंग ब्यूटी खाणीने २०१२ साली फिरोजा काढणं बंद केलं, तेव्हापासून तो निळा दगड आणखी महाग. चांदीचा भाव ते ठरवत नाहीत, दगडाचा ठरवत नाहीत, तयार हाराचाही फार थोडे ठरवतात. जे ठरवतात ते संघाच्या, स्वतःच्या दुकानाच्या, स्वतःच्या नावाच्या जोरावर.

म्हणून दोस्तहो, यापुढे कुणी ‘पारंपरिक कला’ म्हणून गहिवरला की त्याला तीन प्रश्न विचारा. माल कुणाचा? भाव कोण ठरवतो? नाव कुणाच्या ताब्यात? उत्तरं मिळेपर्यंत त्याचा गहिवर बाजूला ठेवा.

उपाशी माणसाने पिठासाठी ठसा मारला, तेव्हा त्याला बनावटगिरी म्हणून वहीत चढवलं. भरल्या पोटाच्या व्यापाऱ्याने त्याच माणसाचं नाव दीडशे वर्षं विकलं, तेव्हा त्याला व्यापार म्हटलं. खोटं नाणं कुणाचं, ते आता तुम्हीच ठरवा. आमच्यापुरतं ठरलंय.